पर्याय आणि प्रसंग

कोशाच्या एका ओळीत जे शब्द गुण्यागोविंदाने नांदतात तेच वाक्यात आले की एकमेकांना जागा देण्यास तयार होत नाहीत. पाणी आणि उदक ही कोशकाराच्या दृष्टीने एकाच पदार्थाची नावे होत. परंतु एखाद्या गृहस्थाने वडिलोपार्जित जमिनीवर उदक सोडले असे म्हटले तर त्याने ती स्वखुशीने, संकल्पपूर्वक दुसऱ्यास देऊन टाकली असा अर्थ होतो. त्याच जमिनीवर त्याने पाणी सोडले असे म्हटले तर ती त्याच्या हातून गेली आणि त्याने तिची आशा टाकली असे समजते. पदार्थ एक, क्रियापद एक, जमीनही एकच; तथापि पहिल्या वाक्यातील माणूस दाता आहे आणि दुसऱ्या वाक्यातील माणूस नागवला गेलेला आहे. समानार्थी शब्दांच्या चर्चेत ‘अर्थ’ हा शब्द किती सैलपणे वापरला जातो हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

या सैलपणास आपल्याकडील कोशपरंपरा काही अंशी कारणीभूत आहे. अमरसिंहाचे नामलिंगानुशासन पद्यात आहे आणि ते मुखोद्गत करण्यासाठी रचलेले आहे. त्यात एका देवतेची, एका वृक्षाची, एका ऋतूची नावे ओळीने येतात. ज्याला वृत्तात बसणारे नाव हवे असेल त्याने ते उचलावे. अमराला याचा दोष देणे अन्यायाचे होईल. शब्द आणि त्याचे लिंग सांगणे एवढेच त्याचे काम होते. तो केव्हा वापरावा हे सांगण्याची हमी त्याने घेतलेली नव्हती. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाने (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) मात्र शब्द संस्कृतातून आला की फारसी-अरबीतून हे खुणेच्या अक्षराने दाखविले, तो कोकणातला आहे की अशिष्ट मानला जातो याचीही जागोजाग नोंद केली. शब्दाचे कुळ आणि गाव सांगण्याची ही दृष्टी पुढे शालेय पुस्तकांतील समानार्थी शब्दांच्या तक्त्यांत उतरली नाही. अलीकडे संगणकावर पर्यायांची यादी क्षणात हाती येऊ लागल्यापासून तर तक्त्याचे राज्य अधिकच बळावले आहे.

संस्कृत काव्यशास्त्राने हा प्रश्न कोशकारांवर सोडून दिला नव्हता. जेथे शब्द अदलाबदल सहन करीत नाहीत अशा रचनेला वामनाने शब्दपाक हे नाव दिले. मम्मटाने शब्दालंकार आणि अर्थालंकार यांची विभागणीच पर्याय घालून पाहण्याच्या कसोटीवर केली. शब्द बदलताच अलंकार नाहीसा झाला तर तो शब्दाचा, टिकला तर अर्थाचा. परंतु शब्द अदलाबदल का सहन करीत नाही, या प्रश्नाच्या मुळाशी जाण्याचे श्रेय कुंतकाचे आहे. त्याचा वक्रोक्तिजीवित हा ग्रंथ १९२३ मध्ये सुशीलकुमार डे यांनी संपादून प्रसिद्ध केला. त्यात पर्यायवक्रता हा वक्रतेचा एक स्वतंत्र प्रकार मानलेला आहे. इतर अनेक शब्द हाताशी असतानाही विवक्षित अर्थ ज्या एकट्यालाच सांगता येतो त्यालाच काव्यात शब्द म्हणावे, अशी कुंतकाची भूमिका आहे. आणि तिच्या समर्थनार्थ त्याने जे उदाहरण घेतले आहे ते आजच्या अनुवादकानेही विसरू नये असे आहे.

प्रसंग कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गातला. पार्वती तप करीत आहे आणि शिव स्वतःच ब्रह्मचाऱ्याच्या वेषात येऊन तिच्यापुढे शिवाची निंदा करीत आहे. त्याच्या सहवासाची इच्छा धरल्यामुळे चंद्रकला आणि पार्वती या दोघींची दशा शोचनीय झाली, असे तो म्हणतो. येथे शिवासाठी कालिदासाने ‘कपाली’ हा शब्द योजला आहे. शिवाची सहस्र नावे मोकळी होती. परंतु हाती कवटी बाळगणारा, हा अर्थ ज्या नावातून डोकावतो त्या नावाने मनात किळस उभी राहते आणि शोचनीयता सार्थ होते. ‘पिनाकी’ म्हटले असते तर धनुर्धर वीराची आठवण झाली असती आणि मग त्याची अभिलाषा धरणाऱ्या कन्येबद्दल हळहळ वाटण्याचे कारणच उरले नसते. कुंतकाचे हे विवेचन सर्वश्रुत आहे. त्याच्या शेजारी आणखी एक गोष्ट ठेवून पाहावी. त्याच सर्गात थोड्याच श्लोकांनंतर पार्वती संतापून उत्तर देते आणि शिवाचे खरे स्वरूप जाणणारे कोणी नाही असे सांगते. तेथे तिच्या तोंडी जे नाव येते ते ‘पिनाकी’ हेच आहे. निंदकाने कपाली म्हणावे आणि अनुरक्तेने पिनाकी म्हणावे! देवता एक आहे. बदलले आहे ते बोलणाऱ्याचे तिच्याशी असलेले नाते. पर्यायाची निवड कवी करतो हे खरे, पण चांगला कवी ती पात्राच्या वतीने करतो.

या दृष्टीने मराठीकडे पाहिले म्हणजे मरण या एका घटनेभोवती जमलेली क्रियापदे विशेष बोलकी वाटू लागतात. मरणे हे सर्वांत उघडे क्रियापद आहे. कदाचित म्हणूनच ते माणसाविषयी वापरताना जीभ अडखळते आणि शिवीत किंवा लाडिक रागात मात्र सहज येते. घरातील वडीलधारे माणूस वारते, किंवा नुसतेच ‘जाते’. निवर्तणे या शब्दाला वयाचा आणि प्रतिष्ठेचा आधार लागतो. पाच वर्षांचे पोर निवर्तले असे कोणी म्हणत नाही. ते दगावते. या दगावण्यात फारसीतून आलेला दगा आहे: वाचेल अशी आशा होती, उपचार चालू होते, आणि ऐन वेळी घात झाला. म्हणूनच हे क्रियापद मुलाला लागते, रोग्याला लागते आणि गोठ्यातील गाईबैलांनाही लागते. शेतकऱ्याच्या घरात बैल ‘वारला’ म्हटले तर हसू येईल, परंतु ‘दगावला’ म्हटले की ऐकणारा गंभीर होतो. लढाईत माणूस कामी येतो किंवा धारातीर्थी पडतो. खपणे या क्रियापदाचा व्यवहार तर विचार करण्यासारखा आहे. बाजारात माल खपतो, आई संसारासाठी खपते आणि दुष्काळात माणसे खपतात. विक्री, कष्ट आणि मृत्यू यांना एकाच शब्दात गोवणाऱ्या भाषेने दुष्काळाचे जे वर्णन केले आहे त्याला दुसरा पर्याय शोधणे व्यर्थ होय. हिंदीत माणूस गुजरतो. तोच फारसी शब्द मराठीत ‘गुदरणे’ होऊन आला, पण तो मेलेल्यांकडे गेलाच नाही, मागे राहिलेल्यांवर जो प्रसंग गुदरतो त्याच्याकडे गेला.

इंग्रजीतील किंवा रशियनमधील एखादी कादंबरी मराठीत आणणाऱ्यापुढे या ठिकाणी जो प्रश्न उभा राहतो तो शब्दज्ञानाचा नाही. मूळ लेखकाने एक साधे क्रियापद वापरून म्हाताऱ्या जमीनदाराचा, त्याच्या नोकराचा आणि त्याच्या घोड्याचा अंत सांगितलेला असतो. मराठीत जमीनदार निवर्तला, नोकर मेला आणि घोडा दगावला असे लिहिले तर प्रत्येक क्रियापद आपापल्या जागी शिष्टसंमत आहे. पण त्या तीन वाक्यांत अनुवादकाने मूळ निवेदकाला मराठी समाजाची उतरंड शिकविली. तिघांच्या मरणाला एकाच क्रियापदाने समान लेखणे हाच जर मूळ निवेदकाचा अभिप्राय असेल तर तो येथे पुसला गेला. उलट तोच प्रसंग घरातील जुन्या मोलकरणीच्या तोंडून येत असेल तर ‘धनी गेले’ आणि ‘घोडं दगावलं’ हा भेद तिच्या वाणीत असणेच स्वाभाविक ठरेल. म्हणजे क्रियापद निवडण्यापूर्वी बोलणारा कोण, ज्याच्याविषयी बोलले जात आहे तो त्याचा कोण लागतो आणि ऐकणारा कोण, हे ठरवावे लागते. ते न ठरविता घेतलेला शब्द कितीही सुबक असला तरी उसना वाटतो.

यातील काही निवडी केवळ शैलीच्या नसतात. मृताच्या नावामागे लावावयाच्या विशेषणांत मराठीने धर्म आणि पंथ यांची नोंद ठेवली आहे. कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी, ख्रिस्तवासी ही विशेषणे एकमेकांच्या जागी चालत नाहीत हे सांगावयास नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ६ डिसेंबर १९५६ रोजी झालेल्या मृत्यूला महापरिनिर्वाण म्हटले जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्यांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्यांना ‘स्वर्गवासी’ म्हणणाऱ्याने शब्दाची चूक केली एवढेच म्हणून भागत नाही. त्याने त्यांचा निर्णय खोडला असे म्हणावे लागते. येथे कोणी दिवंगत या शब्दाकडे बोट दाखवील. व्युत्पत्तीने पाहू गेल्यास तोही स्वर्गी गेलेलाच. परंतु वापराने त्यातील स्वर्ग झिजून गेला आहे आणि आज तो कोणत्याही धर्माच्या, किंबहुना कोणताही धर्म न मानणाऱ्या माणसाला लावता येतो. पर्यायाची निवड करताना व्युत्पत्ती ऐकून घ्यावी. निकाल मात्र वापराचा मानावा.

भारतीय भाषांच्या आपापसांतील अनुवादात ही अडचण वेगळ्या मार्गाने येते, आणि परक्या भाषेपेक्षा ती अधिक फसवी असते. संस्कृत शब्दांचा साठा सामाईक असल्याने मूळचाच शब्द उचलून ठेवण्याचा मोह होतो. हिंदीतील शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत ती गुन्हेगाराला होते. हिंदीत आणि बंगालीत चेष्टा हा प्रयत्न आहे, मराठीत ती टवाळी आहे. उपन्यास शब्दाने हिंदी आणि बंगाली वाचकाला कादंबरी कळते, तर कन्नड आणि तेलुगू श्रोत्याला व्याख्यान. असल्या शब्दांची चूक ढोबळ असते आणि मुद्रिते तपासणाराही ती पकडू शकतो. खरी कसोटी लागते ती ‘अभिमान’सारख्या शब्दावर, कारण तेथे चूक होऊनही वाक्य सुरळीत वाचले जाते.

सांख्यांनी अहंकाराचे लक्षण सांगताना जो अभिमान शब्द वापरला तो मराठीत गर्वाच्या, गौरवाच्या अंगाने वाढला. देशाभिमान, स्वाभिमान, दुरभिमान ही त्याची संतती. बंगालीत तो प्रेमाच्या घरात राहावयास गेला. ज्याच्यावर आपला हक्क आहे त्याने उपेक्षा केली असता मनाला जी जखम होते, जी बोलून दाखविता येत नाही आणि ज्याने केली त्यानेच ती ओळखावी अशी जिची अपेक्षा असते, तिला बंगालीत अभिमान म्हणतात. आता एखाद्या बंगाली कथेतील पत्नीचे डोळे अभिमानाने भरून आले असे मराठीत जसेच्या तसे उतरविले तर काय होते? वाचकाच्या डोळ्यांपुढे पतीच्या सत्काराचा सोहळा उभा राहतो. व्याकरण शुद्ध, शब्द शुद्ध, आणि भाव नेमका उलटा.

मग मराठीत काय लिहावे? राग म्हटले तर प्रेम निघून जाते. रुसवा जवळचा वाटतो; परंतु रुसवा हा दाखविण्यासाठी असतो, तो काढणारा कोणीतरी जवळपास असावा लागतो, आणि रुसवेफुगवे असा जोडशब्द झाला की त्यात थोडी थट्टाही मिसळते. कुढणे मूक आहे, पण त्यात आशा उरलेली नसते. अढी मनात बसली की ती लवकर सुटत नाही. बंगाली अभिमान तर एका शब्दाने, एका स्पर्शाने विरघळण्याच्या तयारीत असतो. म्हणून एकच पर्याय ठरवून तो कादंबरीभर चालविणे येथे निरुपयोगी आहे. जत्रेला न नेल्याने कोपऱ्यात बसलेली मुलगी खट्टू होईल किंवा रुसेल. नवविवाहिता रुसेल, परंतु वीस वर्षे संसार केलेली स्त्री ‘मनाला लावून घेईल’. मुलाचे पत्र आले नाही म्हणून त्याचे नावही न काढणाऱ्या वृद्ध बापासाठी कदाचित कोणतेही भाववाचक नाम नकोच. त्याने मुलाची खोली झाडावयास सांगणे बंद केले एवढेच वाक्य पुरे. मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि मराठी वाचकांच्या एका पिढीला त्या घरच्या वाटल्या. त्या घरोब्यामागे अशा किती शब्दांचा निवाडा झाला असेल याचा अभ्यास अजून व्हावयास हवा. मराठी समीक्षेने अनुवादाला ‘सरस उतरला आहे’ या एका शेऱ्यावर फार दिवस वाटेला लावले.

पर्यायांची संख्या वाढविण्याचे काम मराठीत अनेकदा बुद्धिपुरस्सर झाले आहे. शिवकालात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. राज्याभिषेकानंतर मजमुदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव आणि डबिराला सुमंत ही नावे रूढ झाली. गंमत अशी की पदे संस्कृत झाली, पण मुजुमदार आणि डबीर ही आडनावे होऊन टिकून राहिली. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश दिला आणि त्यानंतर १९३८ मध्ये त्याच गृहस्थांनी भाषाशुद्धि-विवेक लिहिला. या चळवळीविषयी आजवर झालेला वाद बहुधा कोणता शब्द राहावा आणि कोणता जावा या भाषेत झाला. प्रत्यक्षात फारसे काही गेले नाही. दिनांक आला, परंतु तारीख राहिली. कार्यालयाच्या पत्रावर दिनांक असतो. कोर्टात मात्र तारीख पडते, आणि ‘दिनांक पडला’ असे म्हणणारा पक्षकार अद्याप जन्मास यावयाचा आहे. हुतात्मा या शब्दाने शहीद शब्दाला हद्दपार केले नाही. पण संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गोळीबाराला बळी पडलेल्यांशी तो असा जडला की मुंबईच्या हुतात्मा चौकाचे नाव दुसऱ्या कोणत्याही पर्यायाने उच्चारता येणार नाही. शुद्धिवाद्यांना बदली शब्द हवे होते. भाषेने त्यांच्याकडून जादा शब्द घेतले आणि त्यांना वेगवेगळ्या जागी कामाला लावले. हा त्यांचा पराभव मानण्याचे कारण नाही. मात्र ज्या लेखकाला सगळ्याच जागी दिनांक लिहावासा वाटतो त्याला ही विभागणी कळलेली नाही, आणि ज्याला दिनांक शब्दाची थट्टाच सुचते त्यालाही ती कळलेली नाही.

याउलट पर्याय हाताशी असूनही तो न घेण्याचे प्रसंग असतात. एकच शब्द पुन्हा येऊ नये हा निबंधलेखनाचा नियम अनेकांच्या लेखणीत इतका मुरलेला आहे की संवादात पहिले पात्र ‘म्हणाले’ की दुसरे उद्गारते, तिसरे उत्तरते आणि चौथ्यावर वदण्याची पाळी येते. पुनरुक्ती हा दोष मम्मटानेही मानला आहे. परंतु त्याच मम्मटाने काव्यप्रकाशाच्या सातव्या उल्लासात एक अपवाद मोठ्या मार्मिकतेने दाखविला. उदय आणि अस्त या दोन्ही वेळी सूर्याचा वर्ण एकच असतो असे सांगणाऱ्या एका श्लोकात ‘ताम्र’ हे विशेषण दोनदा आलेले आहे. दुसऱ्या ठिकाणी ‘रक्त’ हा पर्याय घातला असता तर वर्ण तोच असूनही दुसरा असल्याचा भास झाला असता आणि सांगावयाचे तेच अडखळले असते, असे तो म्हणतो. मूळ कादंबरीकाराने एका पात्राच्या तोंडी एकच शब्द पुनःपुन्हा घातलेला असतो, त्या शब्दाभोवती ते पात्र फिरत असते; आणि मराठी अनुवादक भाषासौंदर्याच्या कळकळीने त्याचे पाच पर्याय वाटून टाकतो. मग वाचकाला ते पात्र बोलके वाटते, झपाटलेले वाटत नाही.

मराठीतून बाहेर जाणाऱ्या शब्दांवरही हाच प्रसंग येतो. लक्ष्मण माने यांचे उपरा (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे उचल्या (१९८७) ही आत्मकथने इंग्रजीत गेली तेव्हा त्यांची मराठी नावे कायम ठेवून त्यांना इंग्रजी पुस्ती जोडण्यात आली. उपरा या शब्दाला ‘आउटसायडर’ ही पुस्ती मिळाली. ती चुकीची नाही. परका, आगंतुक, तिऱ्हाईत या सर्व अर्थांना ती पुरते. पण उपरा हा मराठीत ‘उपरी’च्या शेजारचा शब्द आहे, आणि जुन्या मराठी महसुली व्यवहारात मिरासदाराच्या उलट, ज्याचा गावच्या जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क नाही असा कसणारा तो उपरी. परका परगावाहून येतो आणि त्याला स्वतःचे गाव असते. उपरा जेथे राहतो तेथेही उपराच असतो. ही बाजू इंग्रजी पुस्तीत येऊ शकली नाही.

उचल्याच्या बाबतीत निवड अधिक धीट झाली. चोर, भामटा, भुरटा, खिसेकापू असे शब्द मराठीतच पुष्कळ आहेत आणि इंग्रजीत त्यांना प्रतिशब्दही आहेत. त्यांतील एखादा वापरून मोकळे होता आले असते. पण चोर हा चोरी केल्यावर चोर ठरतो. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने आणि त्याच्या पुढील विस्ताराने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार म्हणून नोंदविले, त्यांच्यावरील हा शिक्का १९५२ मध्ये कायदा रद्द झाल्यावरही लोकांच्या बोलण्यातून गेला नाही. उचल्या या नावात उचलणे हे कृत्य आहे, पण ते नाव ज्याला मिळते त्याने अजून काही उचललेले असावे लागत नाही. इंग्रजी पुस्तीसाठी निवडलेला शब्द ‘ब्रँडेड’ हा आहे, डाग देऊन खूण केलेला. कोशात उचल्या शब्दापुढे तो कोठेही सापडणार नाही.